मोडेमची निवड आणि घरातील वायफाय : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वीज, पाणी आणि रस्ता यांच्या जोडीला आता खेड्यातील घरांतूनही आणखी एक मागणी होऊ लागली आहे. ती म्हणजे इंटरनेटची. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, प्रवेशाची यादी, सारे तेथेच पाहावे लागते. जेथे फायबरची तार पोहोचलेली नाही, तेथे सिमकार्डावर चालणारा मोडेम हाच मार्ग उरतो. असे मोडेम अनेक प्रकारचे मिळतात आणि 'जितक्या काड्या जास्त तितकी रेंज जास्त' असे सांगून दुकानदार महागातले यंत्र पुढे करतो. हे विधान कितपत खरे आहे, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. घरातील इंटरनेटचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा टॉवरपासून मोडेमपर्यंतचा व दुसरा मोडेमपासून आपल्या हातातील फोनपर्यंतचा. दोहोंना आपण सरसकट 'रेंज' म्हणतो आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. वायफायच्या सर्व रेघा भरलेल्या दिसतात, तरी पान उघडत नाही. कारण त्या रेघा दुसऱ्या टप्प्याच्या असतात, पहिल्याच्या नव्हेत. कोणता टप्पा दुबळा आहे हे पाहिल्याखेरीज मोडेम घेणे म्हणजे दुखणे न सांगता औषध मागणे होय.

पहिला टप्पा मोजता येतो. बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या सेटिंगमध्ये, फोनविषयीच्या माहितीत, सिमकार्डाची स्थिती दाखविणारा भाग असतो. तेथे उणे चिन्हाचा एक आकडा दिसतो, त्याचे एकक डीबीएम. उणे चिन्हापुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण. फोर-जीसाठी उणे ९० चांगला, उणे ११० च्या पुढे काम कठीण, असे ढोबळ मानाने धरावे. दहाचा फरक म्हणजे दसपट आणि वीसचा फरक म्हणजे शंभरपट, हे मात्र विसरू नये.

आमचे घर काळ्या दगडाचे, दीड हात जाड भिंतींचे व वर पत्र्याचे आहे. पत्रा हा रेडिओ लहरींचा शत्रूच. माजघरात आकडा उणे ११६ होता, ओसरीच्या खिडकीत उणे ९७. म्हणजे एका भिंतीने जवळजवळ ऐंशीपट सिग्नल खाल्ला! घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच, धाकटा भाऊ दहावीला, आणि मोडेमसाठी आईने बचत गटातून उचललेले तीन हजार रुपये. तेव्हा हे मोजमाप मी सकाळी, दुपारी आणि रात्री असे तीन दिवस केले.

आता यंत्रांकडे वळू. खिशात मावणारा हॉटस्पॉट स्वस्त असतो, त्याची बॅटरी वीज गेल्यावर उपयोगी पडते. पण त्याचा अँटेना लहान व आतला असतो. प्रवासाला तो ठीक. घरासाठी भिंतीच्या विजेवर चालणारा व अँटेना काढता-घालता येणारा मोडेम अधिक बरा, कारण पुढे गरज पडल्यास बाहेरचा अँटेना जोडता येतो. दुकानदाराच्या त्या काड्यांपैकी काही टॉवरसाठी आणि काही वायफायसाठी असतात. नुसती संख्या मोजून काहीच कळत नाही. शिवाय आपल्या कंपनीचे फोर-जी ज्या पट्ट्यांवर चालते, उदाहरणार्थ ८५०, ९००, १८०० किंवा २३०० मेगाहर्ट्‌झ, ते पट्टे यंत्राच्या खोक्यावर छापलेले आहेत की नाहीत ते पाहावे. खालचे पट्टे भिंतीतून अधिक पार होतात. काही यंत्रे एकाच कंपनीच्या सिमकार्डाला बांधलेली असतात, तेही विचारून घ्यावे.

भारतात फाइव्ह-जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा, म्हणून जाड भिंतींपुढे तो लवकर थकतो. गावात ती सेवा नसेल तर तिच्या यंत्रावर दुप्पट पैसे घालण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या टप्प्याची गोष्ट निराळी. वायफाय हे दोघांचे संभाषण आहे. मोडेम कितीही मोठ्याने बोलला तरी फोनचा आवाज लहानच राहतो, आणि तो मोडेमला ऐकू गेला पाहिजे. २.४ गिगाहर्ट्‌झचे वायफाय संथ पण दूरवर जाणारे; ५ गिगाहर्ट्‌झचे जलद, परंतु दगडी भिंतीपाशी अडणारे. म्हणून मोडेम ओसरीच्या खिडकीत ठेवावा, तेथून लॅन केबल आत न्यावी आणि माजघरात साधा जुना राऊटर जोडावा, हा उपाय मला सर्वांत पटला. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. उलट अँटेनाची तार लांबविली की सिग्नल तारेतच झिजतो, तेव्हा लांबवायची तर लॅन केबल. आम्ही तसेच केले. माजघरातल्या कोपऱ्यात आता भावाचा तास खंड न पडता चालतो.

एका बाबतीत मात्र कोणताच मोडेम उपयोगी नाही. रात्री आठ-नऊच्या सुमारास आकडा तोच असूनही वेग घसरतो, कारण तोच टॉवर साऱ्या गावात वाटला जातो. मोठी फाइल पहाटे उतरवून घ्यावी.

आणि मोडेममध्ये घालायचे सिमकार्ड वेगळे घ्यावे. आधारशी जोडलेल्या नंबरचे कार्ड त्यात घातले, तर शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी फोनवर न येता मोडेमकडे जातो. बऱ्याच मोडेमांत तो वाचण्याची सोय असते. पण मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती शोधत बसण्याची वेळ कुणावर येऊ नये.