अंड्यांवर आलेल्या घोयऱ्याच्या मादीची निगा

पेरणीस जसा जमिनीचा वाफसा लागतो, तसाच तो रंग बदलणाऱ्या घोयरा सरड्याच्या मादीस अंडीं घालण्यास लागतो. येमेन व नैऋत्य सौदी अरेबिया येथील, डोक्यावर उंच तुरा असलेला घोयरा परदेशांत पुष्कळ लोक हौसेनें पाळतात. या जातीची मादी नराच्या संगतीवांचूनही अंडीं घालते. म्हणून एकटी मादी पाळणारानेंही पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पोट फुगलें, खाणें कमी झालें व मादी फांदी सोडून तळ उकरूं लागली, कीं दिवस भरत आले असें समजावें. तत्पूर्वींच पिंजऱ्यांत माती व वाळू यांच्या मिश्रणानें सुमारें 1 फूट खोल भरलेलें भांडें ठेवावें. मुठींत दाबल्यास गोळा व्हावा, पण पाणी गळूं नये, इतकीच ओल असावी. कोरड्या मातींत बीळ ढासळतें. खाद्याच्या किड्यांवर कॅल्शियमची भुकटी लावावी, व पानांवर पाणी शिंपडावें. मादी थेंब चाटून पिते.

उकरतांना तिला न्याहाळूं नये. माणूस दिसल्यास ती काम सोडण्याचा संभव असतो, आणि अंडीं पोटांत अडकल्यास ती दगावते. दिवसा डोळे मिटून निपचित पडल्यास विनाविलंब पशुवैद्यास दाखवावें.

आपल्याकडील घोयरा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षित आहे. तो पाळूं नये. मात्र बांधावर उकरणारी मादी आढळल्यास तेवढी जागा कुदळीपासून राखावी. शेतांतील किडे खाणाऱ्या या प्राण्याचें तेवढें देणें आपण लागतों.