नखे गळतात तेव्हा: शेगावचा धडा

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीस लोकांचे केस अचानक गळू लागले. 'टक्कल व्हायरस'ची अफवा उठली. एप्रिल २०२५ मध्ये त्यांतल्याच अनेकांची नखे ठिसूळ, वेडीवाकडी झाली. काहींची गळून पडली.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी व केसांचे नमुने तपासले. सेलेनियम फार जास्त, जस्त कमी आढळले. त्यांनी बोट ठेवले ते पंजाब-हरियाणाकडून आलेल्या रेशनच्या गव्हावर.

सेलेनियम म्हणजे काय? जमिनीतले एक मूलद्रव्य. शरीराला ते लागते, पण मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅमच. नख व केस केराटिन या प्रथिनाचे बनतात, आणि त्याला मजबुती गंधकामुळे येते. सेलेनियम जास्त झाले की ते गंधकाची जागा घेते, आणि नख कच्चे उगवते. हा रोग संसर्गाने पसरत नाही. त्यामुळे अशा माणसाला दूर ठेवणे हा शुद्ध अन्याय आहे.

सेलेनियम दाण्याच्या आत असते, म्हणून गहू धुऊन ते जात नाही. त्या धान्याचे खाणे थांबवणे हाच मुख्य उपाय. हाताचे नख पूर्ण नवे यायला सुमारे सहा महिने लागतात, पायाचे वर्षभर किंवा जास्त. धीर धरा.

आपल्या कॅम्पातील बायाबापड्यांनी घाबरू नये. बिघडलेले प्रत्येक नख सेलेनियमचे नसते. पिवळे, जाड नख बहुधा बुरशीचे. सतत पाण्यात हात असणाऱ्यांना नखाभोवती सूज येते. चमच्यासारखे खोलगट नख म्हणजे बरेचदा रक्तातले लोह कमी. म्हणून:

• मेडिकलमधून 'केस-नखांच्या' गोळ्या मनाने घेऊ नका. अनेकांत सेलेनियमच असते.
• नख बदलले तर कॅम्प ३ च्या मध्यवर्ती रुग्णालयात दाखवा.
• एकाच वस्तीत अनेकांचे केस किंवा नखे गळू लागली, तर आरोग्य विभागाला लेखी कळवा आणि घरातले थोडे धान्य तपासणीसाठी राखून ठेवा.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा आपला हक्क आहे. ते किती किलो मिळाले एवढेच न पाहता, ते तपासून आले का हेही दुकानात विचारा.