भावी वैद्यास दवाखान्यात काय शिकवावे?

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात योग्यासूत्रीय अध्यायानंतर लगेच विशिखानुप्रवेशनीय अध्याय सांगितला आहे. ही योजना सहेतुक आहे. शास्त्राचे अध्ययन व कर्माभ्यास झाला तरी रुग्णाच्या दारी कसे जावे, काय पाहावे व काय विचारावे, हे वेगळे शिकावे लागते. बी.ए.एम.एस.च्या साडेचार वर्षांत विद्यार्थी व्याधी शिकतो. दवाखान्यात मात्र व्याधी नव्हे, तक्रार येते. १९७८ च्या अल्मा-आता घोषणेने प्राथमिक आरोग्यसेवेस जे महत्त्व दिले, तिचा पहिला दुवा म्हणजे हाच दवाखाना होय.

याविषयी आमचीच एक चूक येथे नमूद करतो. काही वर्षांपूर्वी साठीतील एक मधुमेही गृहस्थ सकाळपासून छातीत जळजळ व मळमळ होते म्हणून आले. आंतरवासी विद्यार्थ्याने आम्लपित्ताचे निदान करून सूतशेखर लिहिले. गर्दी होती; आम्ही रुग्णास न पाहताच सही केली. शेजारील औषधविक्रेत्याने मात्र त्यांच्या कपाळावरचा घाम व लागलेली धाप पाहिली, त्यांना बसविले आणि आम्हांस बोलाविले. हृद्रोगाचा झटका होता. वेळेवर रुग्णालयात पोहोचल्यामुळे ते वाचले. दोष विद्यार्थ्याचा नव्हता. त्याला विचारावयास आम्ही शिकविलेच नव्हते.

त्यानंतर आम्ही पुढील क्रम ठरविला :

१) प्रश्न : निदानाचे नाव उच्चारण्यापूर्वी तक्रार कधीपासून, श्रमाने वाढते का, भोजनाशी संबंध आहे का, घाम वा दम आहे का, कोणती औषधे चालू आहेत, हे विचारून लिहावे. मधुमेही व वृद्ध रुग्णांत हृद्विकाराची वेदना अस्पष्ट असू शकते, हे ध्यानी ठेवावे.

२) स्पर्शन : नाडीपरीक्षणासोबत रक्तदाब, श्वसनगती व तापमान यांची नोंद प्रत्येक केसपेपरवर असावी.

३) साध्यासाध्य विचार : घामासह छातीत दुखणे, काळी शौचास होणे, अकस्मात तोंड वाकडे होणे, गर्भिणीस तीव्र डोकेदुखी व सूज, बालकाने स्तनपान सोडणे, ही लक्षणे टेबलावर लिहून ठेवावीत. अशा वेळी रुग्णास तत्काळ योग्य स्थळी पाठविणे हीच चिकित्सा होय. त्यात कमीपणा नाही.

४) कुटुंब : चरकोक्त दशविध परीक्षेतील सात्म्य, सत्त्व व आहारशक्ती घरी गेल्यावाचून पुरती कळत नाहीत. स्वयंपाक कोण करते, औषध कोण देते, पथ्य परवडते का, हे विद्यार्थ्याने एकदा तरी घरी जाऊन पाहावे.

५) औषधालय : विद्यार्थ्यास एक दिवस औषधविक्रेत्याजवळ बसवावे. चिठ्ठीशिवाय वेदनाशामक गोळ्या नेणारे किती, हे तेथेच दिसते. त्याच गोळ्यांनी झालेली जळजळ घेऊन तो रुग्ण पुढे आपल्याकडे ‘पित्त’ म्हणून येतो.

औषधालयचालक बंधूंना आमची नम्र विनंती आहे, की शंका आल्यास संकोच न करता वैद्यास कळवावे. आमच्या रुग्णाचे प्राण अशाच एका निरोपाने वाचले. विद्यार्थ्याने तपासलेला एकही रुग्ण आता आम्ही स्वतः नाडी पाहिल्याशिवाय जाऊ देत नाही. यात प्रत्येकी दोन मिनिटे अधिक जातात. विद्यार्थी शेजारी उभा राहून पाहतो, आणि तोच त्याचा पाठ होतो.