गूळ, लोणी आणि रम : बटरस्कॉच कपकेक घरच्या घरी



आपला ऊस कारखान्याला जातो आणि दूध संकलन केंद्रावर. यांतला थोडा वाटा घरी ठेवून काय करता येईल याचा विचार केला, तर आपण चिक्की, पेढा, खवा यांच्यापुढे सहसा जात नाही. शहरातून सुट्टीला आलेली मुले मात्र बटरस्कॉच कपकेक मागतात. नाव परके असले तरी त्यातला मुख्य माल आपल्याच शेतातला आणि गोठ्यातला आहे. हा कपकेक कसा करावा आणि त्यात घातलेल्या मद्याचे नेमके काय होते, हे या लेखात पाहू. दुसरा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्याबाबत मोठा गैरसमज आढळतो.

तिघांचे कूळ एकच

बटरस्कॉच म्हणजे लोणी आणि तपकिरी साखर एकत्र आटवून केलेली गोळी. इंग्लंडमधील यॉर्कशायर भागात डॉनकास्टर या गावी सॅम्युअल पार्किन्सन याने १८१७ साली सुरू केलेला मिठाईचा धंदा या गोळीमुळे नावारूपास आला. तपकिरी साखरेला रंग आणि वास येतो तो मळीमुळे. रमसुद्धा उसाच्या मळीपासूनच, ती आंबवून व ऊर्ध्वपातन करून तयार होते. म्हणूनच बटरस्कॉच आणि रम यांचे वास एकमेकांत सहज मिसळतात. आपल्याकडे तपकिरी साखर विकत आणण्याची गरज नाही. गुळात उसाच्या रसातील खनिजे आणि रंगद्रव्ये टिकून राहतात, त्यामुळे तो हे काम उत्तम करतो.

गूळ व लोण्याची निवड

गूळ गडद तपकिरी, कोरडा व कणीदार घ्यावा. हायड्रॉस वापरून पिवळाधमक केलेला गूळ टाळावा. त्याला खमंगपणा कमी असतो आणि कधी कधी गंधकासारखा वास येतो. गूळ किसून चाळून घ्यावा. घरच्या लोण्यात ताकाचा अंश राहतो, म्हणून ते थंड पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन पाणी पूर्ण निथळू द्यावे. साय त्याच दिवसाची असावी. साठवून आंबट झालेली साय गरम गुळात हमखास फाटते.

साहित्य (१२ कपकेकसाठी)

केकसाठी : मैदा १५० ग्रॅम, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, मीठ पाव चमचा, लोणी १०० ग्रॅम, किसलेला गूळ १२० ग्रॅम, अंडी २, ताजे ताक ६० मि.लि., रम ३० मि.लि.

सॉससाठी : गूळ १५० ग्रॅम, पाणी २ मोठे चमचे, लोणी ६० ग्रॅम, फेटलेली ताजी साय १०० ग्रॅम, चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ, रम १५ मि.लि.

सॉसची कृती

१) जाड बुडाच्या खोलगट पातेल्यात गूळ व पाणी मंद आचेवर विरघळवावे आणि गाळून घ्यावे.

२) पाक पुन्हा आचेवर ठेवून चिमूटभर सोडा घालावा. त्यामुळे गुळाची आम्लता कमी होते व साय फाटत नाही. पाक फसफसून वर येतो, म्हणून भांडे मोठेच घ्यावे.

३) लोणी घालून चार-पाच मिनिटे ढवळत आटवावे. गुऱ्हाळावर गुळव्या थंड पाण्यात पाक टाकून गोळी होते का ते पाहतो. आपल्याला मात्र गोळी होऊ द्यायची नाही, काकवीइतका दाटपणा पुरे. काकवी साधारण १०५ अंश सेल्सिअसला आणि गूळ ११८ अंशांच्या आसपास उतरतो, हे लक्षात ठेवल्यास अंदाज चुकत नाही.

४) कोमट केलेली साय थोडी थोडी घालून एक उकळी आणावी. मीठ घालून भांडे खाली उतरवावे.

५) सॉस कोमट झाल्यावरच रम घालावी. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते आणि त्याची वाफ पेट घेते. म्हणून पेटत्या शेगडीवरील भांड्यात रम कधीही ओतू नये.

उकळता पाक अंगाला चिकटून खोलवर भाजतो. लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे.

केकची कृती

मैदा, बेकिंग पावडर, सोडा व मीठ एकत्र चाळावे. लोणी व गूळ चार-पाच मिनिटे फेसावेत. एकेक अंडे घालून फेटावे. नंतर मैदा आणि ताक-रम यांचे मिश्रण आलटून पालटून घालून हलक्या हाताने कालवावे. जास्त घोटल्यास केक चिवट होतो. कागदी वाट्या दोन-तृतीयांश भराव्यात. ओव्हन आधीच १७० अंशांना तापवून २० मिनिटे भाजावे. गुळातील ग्लुकोज व फ्रुक्टोजमुळे वरची बाजू लवकर लाल होते, म्हणून आच यापेक्षा वाढवू नये. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघाली की केक झाला. गार झाल्यावर मधोमध छोटा खळगा करून चमचाभर सॉस भरावा व उरलेला वरून ओतावा. सॉस भरलेले कपकेक फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावेत.

रमचे प्रमाण वाढवू नये. रम बेताची असली तर लोण्याचा व गुळाचा वास खुलतो, जास्त झाली तर कडवटपणा येतो आणि केक बसतो.

भट्टीत दारू उडून जाते का?

बहुतेकांचे उत्तर ‘हो’ असे असते, परंतु ते बरोबर नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून १५ मिनिटे भाजल्यावर सुमारे ४० टक्के आणि तासभर शिजवल्यावरही सुमारे २५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहते. आता आपला हिशेब करू. ४२.८ टक्के तीव्रतेच्या ३० मि.लि. रममध्ये सुमारे १२.८ मि.लि. अल्कोहोल असते. भाजल्यानंतर प्रत्येक केकमध्ये त्यातले सुमारे अर्धा मि.लि. उरते. सॉसमधील रम शिजलेलीच नसल्याने तिचेही अर्धा मि.लि. धरावे. म्हणजे एका कपकेकमध्ये सुमारे १ मि.लि. अल्कोहोल राहते. मोठ्या माणसाला त्याने नशा येणार नाही, पण ते शून्यही नाही.

म्हणून हे कपकेक लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना देऊ नयेत. दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या घेणाऱ्यास अल्प अल्कोहोलही त्रासदायक ठरू शकते. ज्याने मोठ्या कष्टाने व्यसन सोडले आहे, किंवा ज्याच्या गळ्यात माळ आहे, त्याला न सांगता असा केक खाऊ घालणे हा विश्वासघातच होय. ताटलीत ठेवण्यापूर्वी स्पष्ट सांगावे.

सर्वांसाठी करायचे असल्यास रम पूर्ण वगळावी. केकमध्ये तिच्याऐवजी ३० मि.लि. दूध, १ चमचा काकवी व थोडे जायफळ घालावे, तर सॉसमध्ये फक्त अर्धा चमचा काकवी घालावी. मळीचा तोच खमंगपणा बराचसा मिळतो. दोन्ही प्रकार एकाच वेळी केल्यास वाट्यांचे रंग वेगळे ठेवावेत.

विक्री करायची झाल्यास

महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. म्हणून बचत गटांनी विक्रीसाठी बिनमद्याचाच प्रकार निवडावा. रम घातलेला प्रकार विकण्याचा विचार असल्यास आधी राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात चौकशी करावी. कोणताही प्रकार विकण्यासाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी घ्यावी. वेष्टनावर सर्व घटक लिहावेत. अंडे असल्याने मांसाहाराचे तपकिरी चिन्ह छापावे.

प्रथम बारा नग करून घरच्यांची पसंती घ्यावी. गूळ, लोणी, अंडी व इंधन यांचा खर्च वहीत लिहावा आणि मगच किंमत ठरवावी. घरचा माल फुकट धरून काढलेली किंमत नेहमी तोट्याची ठरते.