मुक्कामी गाडी

शिरूर (घोडनदी),
रविवार

चि. भाचीबाईस,

तुझा रेसिडेन्सीचा अर्ज दोनदा वाचला. एकदा चष्मा लावून आणि एकदा लाल पेन हातात घेऊन. चित्रकलेच्या मास्तरकीतून सुटून इतकी वर्षं झाली, तरी खोड जात नाही. ‘विश्वाचं गूढ’ चार ठिकाणी आलंय, ‘ब्रह्मांडाशी संवाद’ दोन ठिकाणी. सगळ्यांभोवती गोल केलेत. रागावू नकोस. अर्ज वाचायला खगोलशास्त्रज्ञ बसले असतील तर त्यांचा दिवस काही गूढात जात नाही. फायली उघडण्यात, बिघडलेलं यंत्र शोधण्यात आणि दुर्बिणीची वेळ मिळावी म्हणून तुझ्यासारखेच अर्ज लिहिण्यात जातो.

तुझी आई परवा फोनवर विचारत होती, ‘दादा, ही रेसिडेन्सी म्हणजे नोकरी का कोर्स?’ मी म्हटलं, मुक्कामी गाडी. एसटी संध्याकाळी आडगावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच पाठ टेकतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात. दिवसा ये-जा करणाऱ्या कंडक्टरला गावाचा फक्त स्टँड माहीत असतो. मुक्कामीवाल्याला कुणाची म्हैस व्यायली आणि उद्या कुठल्या पोराचा पेपर आहे, तेही ठाऊक असतं. शास्त्रज्ञांच्या संस्थेत कलाकाराला दोन-तीन महिने ठेवून घेतात ते एवढ्याचसाठी. नुसतं चित्र काय, तुमच्या दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बसूनही काढता येतं.

नासानं लॉरी अँडरसन या कलावतीला पहिली निवासी कलाकार म्हणून बोलावलं, तेव्हा तिनं विचारलं होतं म्हणे, की मी नेमकं करायचं काय? बोलावणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं. मग ती त्यांच्या केंद्रांमधून हिंडली, माणसांशी बोलली आणि 2004 मध्ये ‘द एंड ऑफ द मून’ हा एकटीचा रंगमंचीय प्रयोग घेऊन आली. त्यात गोष्टी होत्या आणि व्हायोलिन होतं. तुझ्या अर्जात मात्र शेवटी काय बनणार ते आत्ताच लिहून टाकलंयस, पडद्याच्या लांबी-रुंदीसकट! जायच्या आधीच सगळं ठरलं असेल तर तिथं राहायचं कशाला?

आता माझी फजिती ऐक. तुझ्या आईलाही ती ठाऊक नाही.

शाळेच्या व्हरांड्यात मी मृग नक्षत्रातला तेजोमेघ रंगवला होता. एका कॅलेंडरवरचं चित्र समोर ठेवून, ऑइल पेंटमध्ये, गुलाबी आणि जांभळा. आठ दिवस शिडीवर होतो. पाहुणे आले की हेडमास्तर त्यांना आधी ती भिंत दाखवायचे. त्याच हिवाळ्यात मैदानावर आकाशदर्शन ठेवलं. कुणीतरी सहा इंची दुर्बीण आणली होती, ती मृगाच्या तलवारीकडे वळवली. पोरांची रांग लागली. सहावीतल्या एकानं डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाला, ‘सर, रंग कुठंय?’

मीही पाहिलं. राखाडी धुरासारखा एक डाग होता, काचेवर फुंकर मारल्यासारखा. मी म्हणालो, ‘ढग आला असेल रे.’ त्या रात्री आभाळ इतकं स्वच्छ होतं की व्याधाकडे बघवत नव्हतं. पोरगं काही बोललं नाही, रांगेतून बाजूला झालं. ते ‘ढग आला असेल’ मला अजून टोचतं.

पुढं वाचून कळलं, की इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळतच नाहीत. कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं उजेड साठवत बसतो, म्हणून त्याला ते मिळतात. आणि पुष्कळदा तेही जसेच्या तसे छापत नाहीत, कुणीतरी बसून ठरवतं. हबल दुर्बिणीचं 1995 सालचं ते गाजलेलं वायुस्तंभांचं चित्र घे. गंधकाचा उजेड लाल दाखवला, हायड्रोजनचा हिरवा, ऑक्सिजनचा निळा. आता हायड्रोजनचा तो उजेड मुळात लालच असतो! तरी त्याला हिरवा दिला, कारण तिन्ही वायू वेगवेगळे ओळखू यावेत. यात लबाडी नाही. नकाशात जिल्हे निरनिराळ्या रंगांत रंगवतात, तसंच हे. पण नकाशा बघून कुणी म्हणत नाही, की पुणे जिल्हा पिवळा आहे. तुझ्या अर्जासोबतच्या नमुन्यातला तेजोमेघ माझ्या भिंतीचाच भाऊ दिसतो. त्यातला प्रत्येक रंग कुठून आला, हे तुला सहावीतल्या पोराला सांगता आलं पाहिजे.

म्हणून म्हणतो, आधी खोडदला जा. नारायणगावजवळ, जुन्नर तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना, एकेकीचा व्यास 45 मीटर. 14 मधल्या किलोमीटरभराच्या चौकात, बाकीच्या 16 तीन दिशांना रानात पसरलेल्या. लांबून बघितल्या तर भल्यामोठ्या थाळ्या वाटतात. जवळ गेलीस की दिसेल, थाळी नाहीच, जाळी आहे. दोरांवर ताणलेली बारीक तार, तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं आणि वारा आरपार जातो. गोविंद स्वरूप यांचं हे डोकं. मीटरभर लांबीच्या रेडिओलहरीला बोटभर भोकाची जाळी भिंतीसारखीच लागते, मग सबंध पत्रा कशाला हवा? वजन वाचलं, वारा अडला नाही, पैसाही कमी लागला. मी तिथं उभा राहून तासभर नुसती त्या तारांची रेखाटनं केली. इतकी देखणी काटकसर मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आणि तिथं डोळा लावायला काहीच नसतं. अँटेनांच्या जोड्या लावतात, 30 मधून 435 जोड्या होतात. एकेक जोडी आकाशाच्या चित्रातला एकेक धागा देते. पृथ्वी फिरते तशा जोड्यांच्या दिशा बदलतात आणि नवे धागे मिळतात, म्हणून तासन् तास एकाच जागेकडे रोखून बसायचं. तरी सगळे धागे मिळत नाहीतच. काही ठिपके पुसलेल्या रांगोळीवरून नक्षी ओळखावी, तसं गणितानं चित्र उभं करायचं. रंग त्यानंतर. तू संगणकावर चित्रं करणारी, तुला हे काम माझ्यापेक्षा लवकर उमजेल.

त्यातही एक गोष्ट खास तुझ्यासाठी सांगतो. या दुर्बिणीला आपल्याच गोंगाटाचा फार त्रास. मोबाइलचे टॉवर आणि विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या हे सगळं आकाशातल्या क्षीण आवाजावर चढून बसतं. शास्त्रज्ञ ते वेचून बाजूला काढतात, गव्हातले खडे काढावेत तसे. त्यांचं ते कामच आहे. पण तुला मी सांगेन, ते खडे माग. आपण तिथं काय सांडतो, त्याची ती नोंद आहे. सेमीकंडक्टर नावाच्या ब्रिटिश जोडीनं, रूथ जार्मन आणि जो गेऱ्हार्ट यांनी, बर्कलीच्या अवकाश प्रयोगशाळेत मुक्काम करून नेमकं हेच केलं. सूर्याची कच्ची, साफ न केलेली चित्रं घेतली, त्यातले पांढरे ठिपके आणि चरे तसेच ठेवले आणि 2006 मध्ये ‘ब्रिलियंट नॉइज’ ही फिल्म केली. शास्त्रज्ञ जे पुसतात तेच त्यांनी समोर आणलं. नक्कल करू नकोस, पण वाट बघून ठेव.

तुला वाटत असेल, हे सगळं परदेशातलं. अगं, तुझ्या स्टेशनवरून सोलापूरच्या गाडीत बसलीस, की भिगवणच्या पुढं जेऊर लागतं. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला तिथं दुर्बिणी लागल्या होत्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नायगमवाला होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही. त्याच दिवशी विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर यांनी ‘मेल्पोमीनी’ जहाजावरच्या खलाशांना कागद-पेन्सिल देऊन सूर्याचं प्रभामंडळ चितारायला बसवलं होतं. कॅमेरे होते की! पण आतला झगझगीत आणि बाहेरचा अंधुक उजेड फोटोच्या एकाच काचेवर नीट उतरत नसे. हाताला काम होतं ते तेवढ्यासाठी.

नायगमवाला निवृत्त झाल्यावर 1912 मध्ये त्यांची पुण्यातली वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. कोडाईकनालला शंभराहून जास्त वर्षं सूर्याची चित्रं घेतली जातायत, दीड लाखाच्या वर साठा आहे. दिल्लीच्या रोहिणी देवाशेर यांनी त्यातून ‘वन हंड्रेड थाउजंड सन्स’ ही चार पडद्यांची कलाकृती केली. त्या स्वतः हौशी खगोलनिरीक्षक आहेत, ग्रहणांच्या मागे हिंडलेल्या. म्हणजे आधी आकाश, मग पडदा. त्यांचं काम जरूर बघ.

आता आणखी जवळचं सांगतो. आमच्या तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग 1983 मध्ये तिथं आले आणि हातानं करत शिकायची शाळा काढली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबांपैकी, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवायच्या कार्यशाळांपैकी, एक त्यांच्याकडे झाली, एमआयटीच्या मदतीनं (पुण्यातली नव्हे, खरी लांबची). खोडदची जाळी तुला बनवून बघायची असेल, हातभर व्यासाची का होईना, तर अशा ठिकाणी जाऊन विचार. तार ताणताना बोटं कापतील, तेव्हा अर्जात लिहायला एखादं खरं वाक्य मिळेल.

व्यवहाराचं थोडक्यात. अर्जालाच फी मागत असतील तर दहादा विचार कर. प्रवासखर्च, राहणं, जेवण आणि मानधन हे चारही वेगवेगळं लिहून घे. काम कुणाच्या मालकीचं राहणार, ते कराराच्या मागच्या पानावर असतं, म्हणून मागचं पान आधी वाच. एका संस्थेच्या भिंतीवर मी एकदा केलेलं चित्र पुढं त्यांच्या डायरीवर छापून आलं, माझं नाव सोडून. आठवड्यातून एक तास शास्त्रज्ञ तुझ्याशी बसेल, हेही आधीच मागून घे. आणि कळलं नाही तर मान डोलवू नकोस. ‘पुन्हा सांगा’ म्हणायला मुक्कामी माणसाला लाज नसते. त्यांची पोस्टरं सजवून द्यायला लावतील, एखादं दे, दुसरं देऊ नकोस.

अर्ज मोडून पुन्हा लिही. गूढ एकदाही येऊ देऊ नकोस.

28 फेब्रुवारीला, विज्ञानदिनाला, खोडदला प्रदर्शन असतं. आदल्या दिवशी न्हावऱ्यावरून शिरूरला ये, पहाटे इथून निघू. मामी दशम्या बांधून देईल. तिथं अँटेनांजवळ फोन बंद ठेवावा लागतो, तेवढं आईला आधी सांगून ये. नाहीतर दिवसभर ती मला फोन करत बसेल आणि माझाही बंद असेल.

तुझा,
मामा