आस्तिक, नास्तिक आणि हत्तीचा दृष्टांत



जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या रस्त्यावर नशिराबाद हे जुने गाव आहे. अशा गावातील कोणत्याही उपदेशी कुटुंबात पुढील प्रसंग आज सहज संभवतो. आजी पहाटे उठून नामस्मरण करते. नातू जळगावच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकतो. तो एके दिवशी विचारतो, “परमेश्वर आहे, हे तुला कशावरून कळले?” आजी गप्प राहते, वडील रागावतात आणि विषय तेथेच थांबतो. परंतु प्रश्न दाबला म्हणजे सुटला असे होत नाही. तो मनात राहतो आणि पुढे तिरस्काराचे तरी रूप घेतो किंवा ढोंगाचे तरी. घरात हात जोडावयाचे आणि बाहेर हसावयाचे, हे दुसरे रूप अधिक घातक होय. म्हणून ‘नाही’ म्हणणाऱ्याशी आस्तिकाने कसे बोलावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

१. शब्दविचार

प्रथम ‘नास्तिक’ या शब्दाचा अर्थ पाहू. आज आपण ‘ईश्वर न मानणारा तो नास्तिक’ असे समजतो. पण प्राचीन शास्त्रव्यवहारात हा अर्थ मुख्य नव्हता. वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक, अशी तेथील प्रमुख व्याख्या. त्यामुळे जगत्कर्ता ईश्वर न मानणारे पूर्वमीमांसक आणि निरीश्वर सांख्य हे आस्तिक दर्शनांत बसले, तर कठोर तपाचरण करणारे जैन आणि शीलाला सर्वस्व मानणारे बौद्ध हे नास्तिक ठरले. यावरून एवढे स्पष्ट होते की, हा शब्द पुष्कळदा मनुष्याच्या अंतःकरणाचे वर्णन करीत नाही. तो कोणत्या पंक्तीत बसतो एवढेच सांगतो.

याचा अनुभव आपल्या पंथाइतका दुसऱ्या कोणास असेल? सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी देवता आणि परमेश्वर यांत भेद सांगितला, स्त्री-शूद्रांना ज्ञानाचा अधिकार दिला, कर्मकांडाचे अवडंबर दूर सारले. त्याबद्दल पंथाला पाखंडी म्हटले गेले. पुढे मराठी भाषेत ‘मानभावी’ हा शब्द ढोंगी या अर्थाने रूढ झाला आणि ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ अशी म्हण लोकांच्या तोंडी बसली. आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद असल्यामुळे ते वाचून खरेखोटे करणे बाहेरच्यांना शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी ही लिपी उलगडली आणि राजवाडे, भावे यांसारख्या संशोधकांनी ग्रंथ अभ्यासले, तेव्हा तो गैरसमज ओसरू लागला. तात्पर्य, पाठ केलेल्या निंदेने आपली हानी केली आणि चिकित्सक प्रश्नाने आपला उपकार केला. हे ध्यानात ठेवूनच पुढे जावे.

२. पूर्वपक्ष

वादाचा नियम असा की, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत सबळ रूपात मांडावे. महाराष्ट्रात ते कोणी मांडले?

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ पत्र सुरू केले. बुद्धीला न पटणारे ते केवळ जुने म्हणून स्वीकारू नये, हा त्यांचा आग्रह होता. पुण्यातील सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. शतकभराने ज्येष्ठ नट डॉ. श्रीराम लागू (१९२७–२०१९) यांनी परमेश्वर ही कल्पना कालबाह्य झाली आहे, तिला आता निवृत्त करावे, असे उघडपणे सांगितले. डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. त्यांची भूमिका लागूंहून भिन्न होती. देव आणि धर्म यांविषयी समिती तटस्थ आहे, तिचा विरोध देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, असे ते म्हणत. विशेष असे की, हे दोघे एकाच व्यासपीठावर बसून लोकांसमोर आपला मतभेद मांडीत. या कार्यक्रमांना त्यांनी ‘वाद-संवाद’ म्हटले, हे नाव मननीय आहे.

त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा : एक, ज्याचे अस्तित्व सांगावयाचे त्याने प्रमाण द्यावे, ‘नाही’ म्हणणाऱ्यावर तो भार नाही. दोन, नवस फेडूनही मूल दगावते, मग कृपाळू ईश्वर कोठे असतो? तीन, देवाच्या नावाने भोंदू लोक गरिबाला नागवतात. चार, आस्तिक मनुष्य नास्तिकाहून नीतीने श्रेष्ठ असतो, असे व्यवहारात दिसत नाही.

यांतील तिसऱ्या आक्षेपाला उत्तर देण्याची आपणास गरजच नाही, कारण तो आपलाही आक्षेप आहे. अंगात येणे, उतारे, करणी, क्षुद्र देवतांचे भय यांपासून जीवाला सोडविणे हे आपल्या आचारधर्माचे पहिले पाऊल होय. डिसेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्यातील अघोरी प्रथांचा निषेध वाचून उपदेशी मनुष्याला दुःख होण्याचे कारण नाही.

३. दृष्टांत आणि दार्ष्टांतिक

केसोबासांच्या दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिविध मांडणी आहे. त्यातील जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात. ज्याच्या हाती पाय येतो तो त्याला खांब म्हणतो, ज्याच्या हाती कान येतो तो सूप म्हणतो. प्रत्येकाचे बोलणे आपल्या हातापुरते खरे. पण तेच पूर्ण हत्ती आहे म्हणून ते भांडतात. निरनिराळ्या मतांचे एकदेशीपण या दृष्टांताने दाखविले जाते.

आता या दृष्टांताला आपण एक प्रश्न विचारू. त्या अंधांपैकी एकाने हात पुढे केला आणि त्याच्या हाती काहीच लागले नाही, तो म्हणाला, “येथे हत्ती नाही.” त्याला काय म्हणावे? त्याचा निष्कर्ष चुकला असेल, परंतु तो खोटे बोलला नाही. त्याने हात पुढे केला होता. आता दुसरा एक अंध घ्या. त्याने हात पुढे केलाच नाही, शेजाऱ्याचे ऐकून तो ओरडतो, “हत्ती खांबासारखाच आहे, आणि जो हे नाकारील त्याला मारा!” या दोघांत सत्याच्या अधिक जवळ कोण? उसन्या ‘आहे’पेक्षा प्रामाणिक ‘नाही’ सत्याच्या अधिक जवळ आहे, असे मानण्यावाचून गत्यंतर नाही. कारण ज्याने एकदा हात पुढे केला तो पुन्हाही करू शकेल. ज्याने कधी केलाच नाही त्याच्या हाती काय लागणार?

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. हा दृष्टांत सांगताना आस्तिक मनुष्य स्वतःला नकळत डोळसाच्या जागी बसवितो आणि नास्तिकाला अंधांच्या. ब्रह्मविद्येच्या दृष्टीने हे असंगत आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत जीव हा अनादि अविद्येने बद्ध आहे. दृष्टी आहे ती परमेश्वराची; जीवाला मिळते ती त्याच्या कृपेने. तेव्हा ‘मी आस्तिक’ असे म्हटल्याने माझे डोळे उघडले असे होत नाही. मीही त्याच अंधांच्या मेळ्यातला. फक्त डोळसाच्या वचनावर विसंबून चाललेला. हे ज्याला उमगले, त्याला नास्तिकाकडे तुच्छतेने पाहताच येणार नाही.

४. उत्तरपक्ष

मग आस्तिकाला उत्तरच नाही काय? आहे, परंतु ते मर्यादित आहे.

पहिल्या आक्षेपाला उत्तर असे की, प्रमाणाची मागणी योग्यच आहे. मात्र हाताला न लागणे हे हातापुरते प्रमाण होय. इंद्रियांना जे सापडत नाही ते नाहीच, हे विधान इंद्रियांनी सिद्ध होत नाही. तोही एक विश्वासच ठरतो. तथापि एवढ्याने परमेश्वर सिद्ध झाला, असेही आपण म्हणू नये. निषेध सिद्ध झाला नाही, इतकेच खरे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. येथे पंथाचा देवता-परमेश्वर विवेक उपयोगी पडतो. फळाची देवघेव देवतांच्या प्रांतातील आहे आणि तिचे फळ नाशिवंत आहे. परमेश्वर मोक्षदाता आहे. नवसाचा सौदा फसला म्हणजे सौद्याची कल्पना फसली. यावर विचारी नास्तिक पुढे विचारील : “मग तुमचा परमेश्वर कोणत्याच कसोटीला लागत नाही. तो असला काय आणि नसला काय, फरक कोणता?” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. आणि ज्या घरातले मूल गेले आहे, त्या घरी तर कर्माचा सिद्धांत सांगत बसूच नये. तेथे आधी शोक वाटून घ्यावा.

या प्रश्नाला उत्तर आहे ते आचरणाचे. अहिंसा, सत्य, अपरिग्रह आणि मनुष्यामनुष्यांत उच्चनीच न पाहणे, हा फरक जेथे दिसेल तेथे उत्तर मिळाले. जेथे दिसत नाही तेथे चौथा आक्षेप खरा ठरला. तो खोटा ठरविण्याचे काम वाणीचे नाही.

तरीही शेवटी एक अंतर उरतेच. आस्तिक शरण जातो, नास्तिक जात नाही. हे अंतर युक्तिवादाने पूर्ण भरून निघत नाही आणि ते भरून निघाले असे भासवू नये.

५. वादाची मर्यादा

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन ती वितंडा. खानदेशाला वादाची परंपरा नवी नाही. अमळनेरला प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले ते तत्त्वचिंतनासाठीच. आस्तिक आणि नास्तिक यांनी वादापुरतेच भेटावे. आपला आद्य चरित्रग्रंथ लीळाचरित्र ज्यांनी सिद्ध केला, ते म्हाइंभट आरंभी विद्येचा ताठा असलेले पंडित होते, असे परंपरा सांगते. पुढे त्यांनी लीळा गोळा केल्या त्याही ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्याला विचारून आणि नागदेवाचार्यांकडून शोधून घेऊन. विचारण्याची ही शिस्त श्रद्धेच्या आड आली नाही. तिच्यामुळेच ग्रंथ उभा राहिला.

या तिन्ही प्रकारांच्या बाहेर एक चौथी गोष्ट आहे, ती म्हणजे शस्त्र. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर डॉ. दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांना निर्दोष सोडले. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आस्तिकाने मात्र आपल्या मनाला विचारावे की, ती बातमी ऐकून आत कोठे क्षणभर तरी समाधान वाटले होते काय? वाटले असेल तर नामस्मरण व्यर्थ गेले. पैठणच्या प्रतिष्ठितांनी आपल्या स्वामींचा छळ केला, तोही धर्मरक्षणाच्याच नावाने, हे ज्या पंथाची परंपरा सांगते, त्या पंथाच्या अनुयायाला मतासाठी कोणाचे रक्त सांडणे मान्य होऊच शकत नाही. जो देव मारेकऱ्याच्या हातून वाचवावा लागतो, तो परमेश्वर नव्हे.

सारांश, नातवाने विचारले तर रागावू नये. त्याला सांगावे : “तू हात पुढे केलास, हे चांगले केलेस. मलाही सारे दिसत नाही. मी ज्याच्या वचनावर चालतो ते वचन हे. त्याने माझ्या वागण्यात काही फरक पडला आहे का, ते तू पाहा.” हे सांगण्याचे धैर्य आधी आपल्या अंगी यावे.

अभ्यासार्थ प्रश्न

१. प्राचीन आणि आधुनिक अर्थाने ‘नास्तिक’ शब्दातील भेद उदाहरणांसह सांगा.
२. हत्तीच्या दृष्टांतात आस्तिक स्वतःला डोळसाच्या जागी का ठेवू शकत नाही?
३. देवता-परमेश्वर विवेकाने नवसाविषयीच्या आक्षेपाला कोणते उत्तर मिळते आणि त्यानंतरही कोणता प्रश्न उरतो?
४. आपल्या गावातील मागील एखादी चर्चा आठवा. ती वाद होती, जल्प होता की वितंडा? त्यात आपण कोणत्या बाजूस होतो?