मार्ग शिकावा लागतो

पुणे स्थानकाच्या फलाटावर आगगाडी येऊन उभी राहिली, की आपली नजर डब्यांकडे धावते. आपला डबा कोठे आहे, सामान कोठे ठेवावे, खिडकीजवळची जागा कोणाला मिळावी, यांतच सारे गुंतलेले असतात. गाडीच्या अगदी पुढच्या टोकाला, इंजिनात, दोन माणसे बसलेली असतात. एक चालक आणि दुसरा त्याचा सहायक. त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पूर्वी त्यांना ड्रायव्हर म्हणत. अलीकडे रेल्वेच्या कागदोपत्री 'लोको पायलट' असे म्हणतात.

पुणे हे रेल्वेचे मोठे ठाणे आहे. येथून एक मार्ग लोणावळ्यावरून मुंबईकडे, दुसरा दौंडवरून सोलापूरकडे आणि तिसरा साताऱ्यावरून मिरजेकडे जातो. या मार्गांवर गाड्या चालविणारे सगळेच काही पुण्यात जन्मलेले नसतात. कोणी खानदेशातून आलेला असतो, कोणी विदर्भातून, तर कोणी थेट बिहारमधून. दहावीनंतर आयटीआयचे शिक्षण किंवा अभियांत्रिकीची पदविका घेतलेला तरुण सहायक चालकाच्या परीक्षेस बसतो. उत्तीर्ण झाल्यावर डोळ्यांची तपासणी होते आणि ती फार कडक असते. चष्म्यावाचून दूरचे स्वच्छ दिसले पाहिजे. तांबडा आणि हिरवा यांत क्षणभरही घोटाळा होता कामा नये. त्यानंतर प्रशिक्षण, आणि मग नेमणूक. नेमणूक जेथे होईल तेथे बिऱ्हाड हलवावे लागते.

बिऱ्हाड हलविणे म्हणजे काय, हे सरकारी नोकरांच्या मुलांना सांगावयास नको. नवी खोली, नवी शाळा, शेजारची अनोळखी भाषा. परंतु शिक्षकाची किंवा कारकुनाची बदली झाली, तर दुसऱ्या दिवशी तो नव्या जागी बसून आपले काम सुरू करू शकतो. गणित सोलापुरात तेच आणि पुण्यातही तेच. इंजिनचालकाचे तसे नाही. इंजिन त्याच्या ओळखीचे असले, हात कसलेला असला, तरीही नव्या मुलखात त्याला एकट्याने गाडी नेता येत नाही. आधी त्याला तो मार्ग शिकावा लागतो.

हा रेल्वेचा नियमच आहे. ज्या मार्गावर गाडी न्यावयाची, तेथील सिग्नल कोठे आहेत आणि कामाची पद्धत कशी आहे, याची चालकाला माहिती असलीच पाहिजे. ती नसेल, तर माहीतगार माणूस सोबत घेतल्यावाचून त्याने जाऊ नये. म्हणून नवा चालक प्रथम दुसऱ्याच्या इंजिनात बसून फेऱ्या मारतो. एक फेरी तरी रात्रीची असावी लागते. पुरेशा फेऱ्या झाल्या आणि मनाची खात्री पटली, की तो लेखी देतो : या मार्गाची मला माहिती झाली आहे. त्या सहीनंतरच गाडी त्याच्या हाती येते. पुढे काही कारणाने तीन महिन्यांहून अधिक काळ तो त्या मार्गावर गेला नाही, तर पुन्हा शिकण्याच्या फेऱ्या कराव्या लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? रूळ तर आपोआप गाडीला नेतात, मग चालकाला वाट कशाला ठाऊक हवी, असे कोणास वाटेल. या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या वजनात आहे. चोवीस डब्यांची भरलेली गाडी हजार टनांच्या पुढे जाते. ती ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावत असताना ब्रेक लावला, तर थांबेपर्यंत एक किलोमीटरच्या आसपास अंतर ती तोडून जाते. सायकल किंवा मोटार चालविणारा समोरचे पाहून थांबतो. आगगाडीच्या चालकाला, जे अजून दिसत नाही त्याच्यासाठी थांबावयास सुरुवात करावी लागते. वळणाआड सिग्नल आहे, पुलापलीकडे उतार लागणार आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसण्याच्या आधीच ठाऊक असावे लागते. मागच्या डब्यांत हजार-दीड हजार माणसे निर्धास्त झोपलेली असतात, ती या ठाऊक असण्याच्या बळावरच.

रुळाच्या कडेने जाताना तुम्हांला किलोमीटरचे दगड दिसतील, चढ-उतार सांगणाऱ्या पाट्या दिसतील. कोठे पिवळ्या फलकावर 'सी/फा' अशी अक्षरे असतात. पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा, असा त्यांचा अर्थ. (सीटी हा शिट्टीचा हिंदी शब्द.) ही चालकांची बाराखडी होय. तथापि जुने चालक तिच्यावरच विसंबून राहत नाहीत. पुलावरून जाताना चाकांचा आवाज बदलतो, खिंडीत शिरताच तो घुमू लागतो. अंधाऱ्या पावसाळी रात्री अशा खुणा फार उपयोगी पडतात.

पुण्याच्या पश्चिमेस तर शिकण्याची परीक्षाच आहे. ती म्हणजे बोरघाट. १८६३ साली या घाटातून आगगाडी सुरू झाली, तेव्हा चढण इतकी अवघड होती, की खंडाळ्याजवळ एका ठिकाणी गाडी थांबवून इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास जोडावे लागे. पुढे नवा मार्ग काढल्यावर, १९२९ साली, ही उलटापालट संपली; पण चढण राहिलीच. कर्जत ते लोणावळा एवढ्या अंतरात गाडी साडेपाचशे मीटरांहून अधिक उंच चढते. काही भागात दर सदतीस मीटरांस एक मीटर चढ आहे. पायी चालणाऱ्याला तो जाणवणारही नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते, त्यामुळे गाडीला तो फार भारी पडतो. म्हणून पुण्याकडे येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलणारी इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. तेवढ्या वेळात प्रवासी कर्जतचे वडे घेऊन मोकळे होतात. पुढचा चालक व मागचे चालक यांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. तरीही सर्वांनी एकाच वेळी जोर लावावयाचा असतो.

चढण्यापेक्षा उतरणे अधिक जोखमीचे. उतारावर गाडी आवरली नाही, तर ती अनावर होऊन खाली धावेल. यासाठी घाटात काही ठिकाणी मुख्य रुळापासून फुटून डोंगराच्या चढावर गेलेले आडरूळ ठेवले आहेत. आवाक्याबाहेर गेलेली गाडी त्यावर वळते आणि चढावर तिचा वेग मरतो. लोणावळा-खंडाळ्याचा मुसळधार पाऊस, धुके, दरड कोसळण्याचे भय, ही सारी भर वेगळीच.

या घाटाचे शिक्षण ज्यांनी घेतले त्यांत साताऱ्याच्या एक बाई आहेत. त्यांचे नाव सुरेखा यादव. १९६५ साली एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली, रेल्वेची परीक्षा दिली, आणि घर सोडून प्रशिक्षणासाठी कल्याणला आल्या. त्या काळी इंजिनात स्त्री बसलेली कोणी पाहिली नव्हती. नवे गाव, नवे काम, आणि त्या कामात आपल्यासारखे दुसरे कोणीच नाही, असे तिहेरी परकेपण त्यांच्या वाट्याला आले. १९८९ साली त्या सहायक चालक झाल्या. मालगाडी, मुंबईची लोकल अशा पायऱ्या त्या क्रमाने चढत गेल्या. २०१० मध्ये त्यांनी घाटात गाडी चालविण्याचे शिक्षण घेतले. ८ मार्च २०११ रोजी, म्हणजे महिला दिनी, पुण्याहून मुंबईस जाणारी 'दख्खनची राणी' त्यांनी चालविली. ही गाडी १९३० पासून धावत असून पुणेकरांचा तिच्यावर फार जीव आहे. पुढे २०२३ साली सोलापूरहून मुंबईस 'वंदे भारत' गाडीही त्यांनी नेली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सेवेतून निवृत्त झाल्या. भारतातील पहिल्या महिला इंजिनचालक म्हणून त्यांचे नाव घेतात. त्या पहिल्या होत्या ही गोष्ट मोठी खरीच; पण घाटातील उताराला समोर बाई आहे की बुवा, हे कळत नाही. तेथे त्यांनाही इतरांप्रमाणेच एकेक वळण शिकावे लागले.

आपल्या देशात आगगाडी आली तेव्हाचे चालक तर समुद्र ओलांडून आले होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी निघाली. त्या सुरुवातीच्या काळात इंजिन चालविण्यासाठी इंग्लंडहून माणसे आणीत. तेथील सपाट, थंड मुलखातून आलेल्या माणसाने सह्याद्रीचा पहिला पावसाळा कसा काढला असेल, याची कल्पनाच करावी.

आजच्या चालकाचे हाल निराळे. त्याच्या कामाला दिवस-रात्र नाही. मध्यरात्री दोन वाजता बोलावणे आले, तर मुले झोपेत असतानाच तो निघतो. ठाण्यावर पोचल्यावर तोंडाला यंत्र लावून तो मद्य प्यालेला नाही ना, हे तपासतात, आणि मगच गाडी मिळते. गाडी परगावी पोचली, की तेथील रनिंग रूममध्ये जेवण व विश्रांती, आणि परतीची गाडी मिळाली की घरी. दिवाळीच्या पहाटे इतरांना गावी पोचविणारा हा माणूस स्वतः मात्र पुष्कळदा गावापासून दूर असतो. घरात लहान मूल असेल, तर "बाबा निजले आहेत, हळू बोल" हे वाक्य त्याला भरदुपारी ऐकावे लागते. दमलेल्या माणसाची झोप मोडली, तर तिचा हिशेब रात्री रुळावर द्यावा लागेल, हे त्या घरातील बाईला पक्के ठाऊक असते.

पुण्यात नुकताच नेमला गेलेला सहायक आपल्या पहिल्या काही फेऱ्यांत फारसे बोलत नाही. सिग्नल दिसला, की तो आणि चालक त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात, एवढाच काय तो आवाज. बाकी वेळ तो पाहत असतो. साताऱ्याच्या मार्गावर आळंदी स्थानक मागे पडले, की शिंदवण्याचा घाट सुरू होतो. चढ कोठे लागला, वळण कोणत्या हाताला, सिग्नल किती लांबून दिसला, हे तो छोट्या वहीत टिपून घेतो. परतीच्या फेरीत तीच वही उलट्या क्रमाने वाचावी लागते, कारण जाताना जो चढ होता तो येताना उतार झालेला असतो.